सुलोचनाची पारख

लाखनीच्या बस स्टँडसमोर सायकलची चेन उतरली, आणि नेमकी तेव्हाच पावसाची सर आली. एकोणऐंशी सालची गोष्ट. पोळा होऊन गेला होता, धानाला लोंब्या धरल्या होत्या. आता हा पाऊस कोणाला विचारून आला, असं पुटपुटत सुलोचनानं सायकल पानठेल्याच्या टिनाखाली ओढली. चेन बसवायला वाकली, तर दोन हात तिच्या आधीच चेनला लागलेले!

हातांचा धनी उंच होता, नखशिखांत भिजला होता, आणि बोलत नव्हता.

"कोन जी तुमी?" तिनं विचारलं. तो चेन बसवत राहिला. "तोंड नाई का?"

"आहे..." तो मान खाली घालूनच म्हणाला. "पर हात कामात असले का तोंड बंद पडते."

"मंग जेवता कसे?"

आता त्यानं वर पाहिलं. सावळा चेहरा, गालावर काळ्या ऑइलचा पट्टा, आणि हसू आधी डोळ्यांत उमटलेलं. सुलोचनानं उगाच पदर सावरला — तो सावरलेलाच होता.

"हिरालाल मास्तरचं घर कोनतं जी?" त्यानं चाचरत विचारलं.

"माह्यामागं या. ते माहे बाबा आहेत."

हिरालाल मास्तर जुने सुवार्तिक, गावोगाव येशूची गोष्ट सांगत फिरणारे. जिथं ख्रिस्ती माणसाचं एकही घर नाही अशा गावी जाऊन नवी मंडळी उभी करायला कोण लायक, हे पारखायचं काम नागपूरच्या समितीनं त्यांच्यावर सोपवलं होतं. समिती एकेक तरुण पाठवी. तो मास्तरांच्या घरी राही, त्यांच्याबरोबर गावोगाव फिरे, आणि शेवटी मास्तर जे म्हणतील ते समिती मान्य करी. मागचा पोरगा काय गोड बोलायचा! पण ज्या म्हातारीनं त्याला पाणी दिलं, तिच्याकडं त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मास्तरांनी त्याला परत पाठवला.

आता हे हेरलं कोणी? सुलोचनानं. मास्तरांना काचबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते, आणि आता त्यांना उजेड नि अंधार एवढंच कळे. समितीला वाटे, म्हाताऱ्याला जरा कमी दिसतं. "काय दिसते, बाई?" मास्तर विचारत, आणि ती जे दिसेल ते सांगे. आई गेल्यापासून तिचं हेच काम. न दिसलेलं तिनं बाबांना कधी सांगितलं नव्हतं.

नव्या पाहुण्याचं नाव टेकचंद. जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला होता, निवड झाली तर ती सोडायला तयार होता. घरात मात्र त्याचा आवाज म्हणून नाही. तिसऱ्या दिवशी सुलोचनानं भाजीत मुद्दाम मूठभर मीठ टाकलं.

"भाजी कशी झाली जी?"

"...चांगली."

"खोटं बोलले! नापास."

तो हसला, गटागटा पाणी प्यायला. मग हळूच म्हणाला, "नापास झालो तं बरंच होईल..."

"काहून?"

"कारखान्यात क्वार्टर भेटनार आहे मले. दोन खोल्या. तुमचे बाबा तिथूनच गावोगाव जातील, मी सुट्टीच्या दिवशी संग जाईन. अन्..."

"अन् काय?"

"अन् तुमाले समजत नाई का?"

समजलं होतं. सायकलच्या चेनपाशीच समजलं होतं! तिनं घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं. कान तापले होते.

"अन् पास झाले तं?"

"सालेकसाच्या जंगलाकडं. पैले काही वर्स एकट्यानंच राहाचं, असा समितीचा नियम आहे. तिथं ना धड रस्ता, ना दवाखाना..."

तिथं न दिसणाऱ्या म्हाताऱ्याला घेऊन कोण राहणार? आणि म्हाताऱ्याला सोडून ती कुठं जाणार? हे दोघांनाही कळत होतं.

"तुमाले काय पाहिजे?" तिनं शेवटी विचारलं.

"माय बिमार होती तवा बोध कराले लय लोकं आले," तो म्हणाला. "चुपचाप बसनारा एकच म्हातारा होता. माय त्याच्याच संग बोले. मले तसं कोनापाशी तरी जाऊन बसाचं आहे, सुलोचना. लहानपनापासून तेच मनात आहे... अन् तुमाले पाहिल्यापासून जायाचंही मन नाई."

तो पहिल्यांदाच एवढं बोलला, आणि तिचं नावही पहिल्यांदाच घेतलं. सुलोचनाला आनंद झाला. पण त्या आनंदाच्या तळाशी भीती होती.

शुक्रवारी तिघं तलावाकाठी मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत गेले. झाडाखाली माणसं जमली. मास्तरांनी टेकचंदला बोलायला उभं केलं, तर दोन वाक्यांत त्याची गाडी अडली! तो ओशाळून बाजूला झाला. मास्तरांना वाटलं, पोरगा पळाला.

तो पळाला नव्हता. तलावाच्या बांधाच्या कडेला सखाबाई फाटकं जाळं घेऊन बसली होती. गेल्या पावसाळ्यात तिचा लेक तलावात बुडाला, तेव्हापासून ती कोणाशी बोलत नव्हती. टेकचंद तिच्यापाशी जाऊन बसला, आणि जाळ्याचं दुसरं टोक हाती घेऊन गुंता सोडवू लागला. पावसाची भुरभुर आली, गेली. दोघं तशीच. उन्हं कलली तेव्हा म्हातारी आपण होऊन लेकाचं नाव घेऊन बोलू लागली, रडली, पुन्हा बोलली. उठताना म्हणाली, "उद्या बी येजो, बापा."

हे सुलोचनानं पाहिलं. मास्तरांनी पाहिलं नाही.

शनिवारी दिवेलागणीला मास्तरांनी तिला जवळ बोलावलं. समितीचे पाद्री, पाळकसाहेब, सकाळी येणार होते.

"आवाजच ऐकू नाई आला मले त्याचा," मास्तर म्हणाले. "पोरगा चांगला आहे, पर या कामाचा नाई. साहेबाले तसंच सांगतो. बरोबर ना, बाई?"

'हो' म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहायचं होतं. दोन खोल्या, अंगणात बाबांची खाट, कारखान्यातून दमून येणारा टेकचंद... सगळं तिच्या एका गप्प राहण्यावर होतं. देवा, मलाच का दाखवलंस ते?

"नाई, बाबा," ती म्हणाली. "तुमाले दिसलं नाई, ते मी पाहिलं."

आणि तिनं सगळं सांगितलं. जाळं, भुरभुर, सखाबाईचं रडणं, 'उद्या बी येजो'. मास्तरांचा हात चाचपडत तिच्या डोक्यावर आला.

"बाई, तुह्या मनात काय आहे? मी थांबवू का त्याले?"

"नका, बाबा. त्याले जाऊ द्या." आता तिला रडू आवरेना.

निघायच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. सालेकसाकडं जायला आधी आमगावची बस होती. मास्तर छत्री घेऊन जरा लांब उभे राहिले, मुद्दामच.

"तुमीच सांगितलं ना?" टेकचंदनं विचारलं.

"जे दिसलं ते सांगितलं."

"मी भाजी चांगली आहे म्हटलं, तसं एक खोटं नसतं का बोलता आलं?"

"तुमाले तरी कुठं आलं जी? लगेच पकडले गेले ना?"

तो हसायला गेला, आणि त्याचे डोळे भरून आले. तिच्या सायकलकडं बोट करून म्हणाला, "चेनले तेल दिलं आहे... लवकर नाई उतरनार."

बस हलली. मास्तर काठी टेकत तिच्याजवळ आले.

"गेला का, बाई?"

"नाई. खिडकीतून हात करून राहिला."

बस ट्रकांच्या रांगेत शिरली, रस्त्याच्या वळणापाशी एकदा दिसली, मग दिसेनाशी झाली. बसचा आवाजही विरला. पाऊस सुरू झाला.

"अन् आता?"

सुलोचना रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिली.

"अजून दिसते, बाबा."

मास्तरांचे कान अजून चांगले होते. त्यांनी छत्री उघडली, चाचपून तिच्या डोक्यावर धरली.

"दिसते, तं मंग थांबू," ते म्हणाले.