आधी रेघ, मग अक्षरं

नोव्हेंबरचा धूर जमिनीपर्यंत उतरला होता, म्हणून गुडगावच्या कंपनीने बहुतेकांना घरूनच काम करायला सांगितलं होतं. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये उत्तरा त्या दुपारी एकटीच होती. नवरा, नचिकेत, मिनिस्ट्रीत गेला होता. खिडक्या बंद, एअर प्युरिफायरची घरघर, आणि तरीही घरभर जळक्या पेंढ्याचा वास.

तिची टीम मनगटावर बांधायचा एक पट्टा तयार करत होती. डोळ्यांवर हेडसेट चढवला की हातात काही धरायला नको. एका हाताच्या बोटाने दुसऱ्या तळहातावर अक्षर गिरवायचं. पट्टा तो स्पर्श ओळखतो आणि अक्षर डोळ्यांसमोर हवेत उमटतं. चाचणीसाठी म्हणून उन्हाळ्यात तिने तो पट्टा दिवसदिवस हातावर बांधून ठेवला होता.

"नवा प्रोग्राम मराठी वाचतो आता," ऑफिसातला मानस फोनवर म्हणाला. "तुझी जुनी रेकॉर्डिंग्ज एकदा त्यातून काढ ना यार. किती चुकतोय ते बघू."

तिने हेडसेट चढवला. खोली नाहीशी झाली. काळोखात तिचीच अक्षरं एकेक करून उमटू लागली. भाजीची यादी, मीटिंगच्या वेळा, विजेच्या बिलाची आठवण. प्रोग्राम चांगला वाचत होता. मग दोन जून आला.

अक्षराच्या आधी एक आडवी रेघ उमटली.

उत्तरा आधी अक्षरं काढायची आणि मग वर रेघ द्यायची, सगळे देतात तशी. उलटं लिहिणारा एकच माणूस तिने पाहिला होता. तिचे बाबा, श्यामकांत. "दोरी आधी बांधायची, कपडे मग वाळत घालायचे," असं ते हसून सांगायचे.

दोन जूनला बाबा अतिदक्षता विभागात होते. व्हेंटिलेटरवरचा एकोणिसावा दिवस. तिने त्यांच्या हाताखाली आपला तळहात ठेवला होता आणि त्यांचं बोट हलत होतं. "रिफ्लेक्स है, बेटा. वो कुछ समझ नहीं रहे," डॉक्टर म्हणाले होते. त्याच पलंगाशी उभं राहून तिने आणि धाकट्या भावाने, अनुरागने, नळी काढायचं ठरवलं होतं. "आता बास, ताई," अनुराग म्हणाला होता. "बाबा यात नाहीतच."

रेघेखाली अक्षरं लटकली.

ऐकतोय.

पुन्हा रेघ. ऐकतोय. पुन्हा… अकरा वेळा.

तीन जून, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. नळी काढायच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या होत्या. रेघ आली, वाकडी. तिच्याखाली 'न'. मग 'क'. त्याला काना लागायच्या आत सगळं थांबलं.

हेडसेट काढायला तिने हात वर नेले, आणि तेव्हा तिला दिसलं की फाइल संपलेली नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने पट्टा सोडला होता, बाबांच्या खोलीतल्या कपाटात टाकला होता. पुन्हा कधी चार्जसुद्धा केला नव्हता. फाइल पुढे चालूच होती. जून, जुलै, ऑगस्ट…

तिने मानसला फोन लावला. "माझा पट्टा नंतर कुणाच्या नावावर दिलायत का?"

"नाही. तुझ्याकडेच आहे, रोज चालू दिसतोय. कुणाच्या तरी हातात…" तो थांबला. "हाताचं तापमान चार डिग्री लागतंय गं. जूनमध्येही चारच. सेन्सर गेला असेल."

अनुरागच्या बायकोची वाट बघत बाबांना एक रात्र शवागारात ठेवलं होतं. दारावरच्या काचेत हिरव्या रंगात चारचा आकडा होता.

ती तारखा वाचत गेली. एकोणीस ऑगस्ट, संध्याकाळचे सात. तेव्हा फोनवर अनुराग म्हणाला होता, "सुटले बाबा. आपणही सुटलो." खाली एकच शब्द. ऐकतोय. नऊ ऑक्टोबर, त्यांची खोली रिकामी करायची का यावरून तिचा आणि नचिकेतचा वाद झाला होता. ऐकतोय.

संध्याकाळी तिने नचिकेतला आणि मग फोनवर अनुरागला सगळं सांगितलं.

"पुसून टाक," अनुराग म्हणाला. "आणि ताई… मला परत फोन करू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिने पट्टा गुडगावला नेऊन दिला. मानसने तिच्यासमोर तो लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं. फाइल पुसायला मात्र तिचा हात धजला नाही.

घरात ती आणि नचिकेत आधी हळू बोलू लागले. मग कामापुरतंच. मग एकाच सोफ्यावर बसून मोबाइलवर मेसेज करू लागले. कुकरची शिट्टी झाली तरी दोघं दचकायचे.

नवव्या दिवशी सकाळी मानसचा मेसेज आला. 'कपाट बंदच आहे. हे तू करतेयस का?' सोबत स्क्रीनचा फोटो होता. कालच्या तारखेखाली दोन नवे शब्द आले होते.

गप्प का?