पाच नंबरची बाटली

सुयश, मोबाईल ठेव बाजूला. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर मी चाललो झोपायला. आमच्या लॅबमधल्या रणजीतच्या बाबतीत घडलेलं आहे हे. खोटं वाटत असेल तर त्याचा उजवा हात बघून या.

एकोणीस डिसेंबर दोन हजार एकोणीस, गुरुवार. रणजीत ट्रॅफिकमध्ये अडकला, पोचेपर्यंत सात वाजून गेले, काळोख पडला. घणसोली गावामागे एका बंद केमिकल कंपनीची जमीन होती. मातीत काय काय पुरलं होतं, देव जाणे. म्हणून भोवती पाच बोअर मारलेले. दर तीन महिन्यांनी रणजीत त्यांच्या पाण्याचे नमुने आणायचा.

नियम असा, की आधी बोअरमधलं साचलेलं पाणी दोरीच्या पोहऱ्याने उपसून टाकायचं आणि मग ताजं पाणी बाटलीत भरायचं. पाच नंबर सगळ्यात खोल, वासही घाणेरडा. हा आळशी गडी दोन वर्षं एक नंबरच्याच चांगल्या पाण्याने पाच नंबरची बाटली भरत होता. वर साक्षीदार म्हणून वॉचमन मारोतीचा अंगठा घ्यायचा. मारोती बिचारा विश्वासाने द्यायचा. रिपोर्ट चांगला यायचा आणि पाच नंबरशेजारची वस्तीची विहीर चालू राहायची. चाळीस घरं ते पाणी पीत होती. राग येतो मला, अजून येतो.

त्या दिवशी मारोतीनेच गेट उघडलं.

"मारोती, अंगठा दे पटकन. लेट झालंय."

"आज पाच नंबर उपसा, साहेब."

"पुढच्या वेळी रे. टेन्शन नको देऊस."

मारोतीने त्याची मान धरली. तोंड बोअरच्या लोखंडी पाइपवर आपटलं. दोन दात पडले. मग दोरी मनगटाला गुंडाळली...

"उपसा."

रणजीत उपसू लागला. एक पोहरा. दहा. वीस. तळहाताची सालटी निघाली. तो थांबला. तोंड पुन्हा पाइपवर. खालून कुणीतरी दोरी खेचली... मनगटाचं हाड मोडलं.

"मारोती, सोड रे..."

फक्त पाण्याचा आवाज.

"उपसा."

नऊ वाजता मारोतीची बायको बयाबाई बॅटरी घेऊन आली. रणजीत रक्तात पडलेला.

"मारोतीला आवरा, ताई..."

बयाबाईने बॅटरीचा उजेड त्याच्या तोंडावर धरला.

"ते दिवाळीतच गेले, साहेब. किडन्या गेल्या. हेच पाणी पीत होते."

रणजीतच्या शेजारी पाच नंबरची बाटली होती. भरलेली, सीलबंद. मी स्वतः तपासली, पाणी विषारी निघालं. आठवड्यात विहीर बंद झाली. त्या रिपोर्टवर सही मीच केली, आणि आधीच्या आठही रिपोर्टांवर माझीच सही होती. न विचारता केलेली.

रिटायर झालो तेव्हा ती बाटली घरी आणली. त्या कपाटात आहे. लेबलावर निळा अंगठा उठलाय. रणजीत शपथेवर सांगतो, त्या दिवशी त्याने शाईचा डबा बॅगेतून काढलाच नव्हता.

इतकी वर्षं झाली. आज सकाळी मी त्या अंगठ्यावर बोट टेकवलं...

क्षिप्रा, लाइट लाव. हे बघा माझं बोट.

शाई अजून ओली आहे.