मिठागरातला कापूस

“रुचे, थांब! पुढे जाऊ नकोस!” दिपेश ओरडला.

रुचिका थांबली नाही. खाडीच्या बांधावर तिवरांच्या झुडपांत पांढरे पुंजके अडकले होते. चक्क कापूस! ह्या खाऱ्या जमिनीत कापूस आला कुठून?

बांधाच्या टोकाला मिठाचं जुनं कोठार होतं. तिथे भूत आहे, असं शाळेचे शिपाई तुकाराममामा पावसाळ्यापासून सांगत होते. तेवढ्यात आतून खुडखुड ऐकू आली आणि आपल्या शूर दिपेशची बोबडीच वळली!

ठमी पाण्याकडे बघत होती. “आज आवस हाय. बाराला मोठी भरती. बांध बुडंल, लवकर करा!”

ठमी त्यांच्याच वर्गातली. पाळीत कापडातून डाग पडेल ह्या धास्तीने दर महिन्याला तिचे चार दिवस बुडायचे. “अर्धी शाळा काय कामाची?” म्हणून ही दिवाळीची सुट्टी संपली की आई तिला कायमची मिठागरावर नेणार होती. जूनमध्ये शाळेत पॅडची खोकी आली होती खरी; पण आठवड्यातच तुकाराममामा म्हणाले, “संपली!”

कोठाराचं कुलूप नवं कोरं होतं, पण कडी खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली. रुचिकाने हिसका दिला आणि कडीच हातात आली!

दोन घुशी पायांवरून पळाल्या. तिघं किंचाळली! आत चार खोकी होती. एक घुशींनी कुरतडलेलं, कापूस बाहेर आलेला. उरलेल्या तिन्हींवर शाळेचं नाव.

“हे काय?” दिपेशने विचारलं.

“पाळीचे पॅड,” ठमी म्हणाली. दिपेशचे कान लाल झाले. मग त्याने एक खोकं काखेत मारलं; मुलींनी एकेक डोक्यावर घेतलं.

परत वळले तर बांधावर पाणी! घोटाभर, मग गुडघाभर. ठमी पायाने चाचपत पुढे होती. अचानक रुचिकाखालची माती खचली. खोकं डोक्यावरून उडालं, दिपेशने ते झेललं. पण ती छातीपर्यंत पाण्यात!

“आई गं! मला ओढतंय!”

“हात दे!” ठमीने तिचं मनगट पकडून तिला वर खेचलं. ठमीच्या डोक्यावरचं खोकं हललंसुद्धा नाही. मिठाच्या टोपल्या वाहणाऱ्या घरातली मान ती!

आरडाओरडा ऐकून रस्त्यावर तुकाराममामा, मुख्याध्यापिका किशोरीबाई आणि ठमीची आई चंद्राबाई धावत आले होते.

“मामा, भूतही कुलूप लावतं का हो?” रुचिकाने कुडकुडत विचारलं.

मामांनी मान खाली घातली. “बायकांची वस्तू… मुलींना कशी वाटू? लाज वाटली. मग कुणी तिकडे फिरकू नये म्हणून भूत उठवलं.”

“आणि मी पुन्हा विचारलंच नाही,” किशोरीबाई म्हणाल्या. “शाब्बास पोरांनो! पण बांधावर पुन्हा एकटे गेलात तर कान उपटीन. ही खोकी आता शाळेच्या कपाटात. ठमे, चावी तुझ्याकडे.”

ठमीने भीत भीत आईकडे पाहिलं. पाण्याला ती घाबरली नव्हती. आता मात्र तिने हळूच खोकं आईपुढे ठेवलं.

चंद्राबाईंनी खोकं उघडून पाहिलं, पदराने लेकीचं तोंड पुसलं.

“शाला कवा उघडतंय?” त्यांनी विचारलं. “डबा करावा लागंल ना तुझा!”