पोचपावतीवरची सही

ओब्राद स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कात्रीने लेबलं कापत होता. एकतीस वर्षं त्यांच्या राकियाच्या, आलुबुखाराच्या दारूच्या, प्रत्येक बाटलीवर हेच लेबल चिकटत आलं होतं. वर आलुबुखाराची डहाळी, खाली दोन नावं, ‘ओब्राद आणि तिहोमिर’. त्यातलं दुसरं नाव तो कापून काढत होता, एकेक लेबल हातात घेऊन, दातओठ खात, आणि कपटे चुलीत टाकत होता. देसांका त्याच्याकडे पाठ करून गहू निवडत उभी होती. परवा संत दिमित्रीचा दिवस, घराण्याच्या संताचा सण, स्लावा, आणि सणाच्या नैवेद्याला गहू हवेत. पण तिच्या बोटांना खडा लागत होता की गहू, तिलाच कळत नव्हतं.

“खोटारडा!” ओब्राद म्हणाला. “म्हणे रजिस्टर पत्र पाठवलं होतं! माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस, माझ्या पोरीला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचलून घेतलेला माणूस... आणि भट्टीतला अर्धा वाटा बेलग्रेडच्या दलालाला विकतो? मला न विचारता?”

“कायद्याने आधी भागीदाराला लेखी विचारावं लागतं ना?” काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली.

“कायदा गेला खड्ड्यात! कूम आहे तो माझा! कूम!”

त्या मुलखात सख्ख्या भावाशी भांडण झालं तर लोक हसून सोडून देतात; पण कूमवर, लग्नाच्या साक्षीदारावर, कोर्टात दावा लावायचा म्हणजे देवाच्याच अंगणात चिखल फेकायचा. ओब्रादने तो फेकला होता. विक्रीची नोंद कोर्टाने थांबवली होती, भट्टीला कुलूप ठोकलं होतं आणि दोघांना व्हाल्येवोच्या एका मध्यस्थ बाईंकडे पाठवलं होतं. दोन बैठका फुकट गेल्या होत्या. उद्याची तिसरी, शेवटची.

“देसा, इकडे बघ,” तो अचानक म्हणाला. “ऑगस्टमध्ये पोस्टमनने काही आणलं होतं का?”

“आपल्या यागोदाचं कार्ड आणलं होतं नोव्ही सादहून.”

“पत्र नव्हतं ना?”

“नव्हतं.”

“मग उद्या मी संत दिमित्रीची शपथ घेऊन सांगणार,” ओब्राद म्हणाला आणि पुन्हा कात्री चालवू लागला.

देसांका पुन्हा गव्हाकडे वळली. पत्र आलं होतं. पोस्टमनने पुढे केलेल्या पोचपावतीवर तिने स्वतःच्या हाताने सही केली होती, पाकिटावरचं तिहोमिरचं तिरकं अक्षर पाहिलं होतं, आणि ते पाकीट न फोडता आपल्या लग्नातल्या चादरींच्या तळाशी दडपून टाकलं होतं. का? एका शब्दात सांगायचं तर मत्सर... एकतीस वर्षं मंद आचेवर शिजत आलेला मत्सर!

सवत जर बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. पण तिची सवत होती मिशीवाली, सहा फूट उंच, विधुर, आणि दारात शिरताना “कुमा,” म्हणजे कूमची बायको, “काय शिजतंय?” म्हणून हसणारी! यागोदा जन्मली तेव्हा ओब्राद आधी धावला तो तिहोमिरकडे. बाळंतिणीच्या खाटेशी आला तो दोघं मिळूनच. आईच्या आजाराची काळजी, बागेवरच्या गारांची धास्ती, मनातलं जे काही असेल ते सगळं तो दिवसभर भट्टीपाशी तिहोमिरपुढे रिकामं करून यायचा आणि घरी येऊन मुकाट्याने सूप प्यायचा. “काय झालं हो आज?” म्हणून विचारलं तर “काही नाही” हे ठरलेलं उत्तर. त्या ‘काही नाही’ने तिचं अंतःकरण किती वेळा विदीर्ण झालं असेल, तीच जाणे! आणि सणाच्या दिवशी पूजेचा गोल पाव दोन पुरुषांच्या चार हातांत फिरायचा, मोडायचा, दोघं एकमेकांच्या गालांचं तीनदा चुंबन घ्यायचे... आणि देसांका स्वयंपाकघराच्या दारात पळी हातात धरून उभी असायची.

तिचं काम भट्टीवर एकच. राकिया गळू लागली की पहिली धार कडू, डोक्यात जाणारी. ती वेगळी काढावी लागते. नेमकी कधी संपली हे तिच्या नाकाला कळायचं. ती खिडकीतून म्हणायची, “आता!” आणि पुरुष पिंप बदलायचे. मग पिंपावर खडूने तारीख आणि खाली आपल्या नावाचं पहिलं अक्षर घालायचं, तेही तिनेच. बस्स.

ऑगस्टमध्ये ते पाकीट हातात आलं तेव्हा तिला वाटलं, समोरासमोर दिवसभर बोलून पोट भरत नाही म्हणून आता पत्रंही लिहायला लागले! एक पत्र पोचलं नाही तर काय आभाळ कोसळणार आहे? महिना उलटला, कायद्याची मुदत सरली, तिहोमिरने वाटा दलालाला विकला, आणि आभाळ कोसळलं. सुरुवातीला तिला आनंदच झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. नवरा संध्याकाळी घरी थांबू लागला. पण घरी थांबलेला तो नवरा कोण होता? लेबलं कापणारा, जेवणाचं ताट पुढून सरकवणारा एक म्हातारा! तिला जो हवा होता तो तिहोमिरबरोबरच निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी व्हाल्येवोला ती ओब्रादबरोबर गेली. मध्यस्थ बाई, गोर्दाना त्यांचं नाव, एकेका पक्षाला आलटून पालटून आत बोलवत होत्या. ओब्राद आत होता. देसांका पक्षकार नव्हती, म्हणून व्हरांड्याच्या टोकाला, कोटांच्या खुंटीआड, बाकावर बसून होती. तेवढ्यात तिहोमिर आणि त्याचा तरुण वकील बोलत बोलत तिथवर आले.

“काका, पावती तुमच्या खिशात आहे, मी स्वतः पाहिलीय! ती बाईंपुढे ठेवा, दोन मिनिटांत सगळं मिटेल!”

“हरवली ती,” तिहोमिर म्हणाला.

“खिशावर हात ठेवून हरवली म्हणताय?”

“मग असं लिही. पत्र मी पाठवलंच नव्हतं. चूक माझी. विक्री रद्द करतो, वाटा ओब्रादला सोडून देतो. दे, सही करतो.”

“म्हणजे गावभर खोटे ठरणार तुम्ही! कूमला फसवलं म्हणून लोक तोंडावर थुंकतील!”

“थुंकू देत. पुसायला रुमाल आहे माझ्याकडे.”

वकिलाने कपाळावर हात मारला आणि तरातरा निघून गेला. तिहोमिर वळला तो समोर देसांका! 

“तुम्हाला माहीत होतं?” तिने कसंबसं विचारलं.

“कुमा, एकतीस वर्षं पिंपावर तारीख आणि खाली तुझं अक्षर तू घालतेस. पहिल्या अक्षराची ती लांब शेपटी मला ओळखू येणार नाही? मला आली, म्हणजे ओब्रादलाही आलीच असती.”

“मग दाखवली का नाही? दावा जिंकला असता तुम्ही!”

“दावा जिंकला असता. आणि तुझं घर?” त्याने आतल्या खिशातून पावती काढून तिच्या हातात कोंबली. त्याचा हात विलक्षण थरथरत होता. थंडीने असेल, तिला वाटलं. “घरी गेलीस की चुलीत टाक. ओब्राद माझ्यावर रागावला तर दोन-चार वर्षांत निवळेल. तुझ्यावर रागावला तर कुढून मरेल तो. त्याला सूप तुझ्याच हातचं लागतं, हे तुला सांगितलं नसेल त्याने कधी. मला रोज सांगतो.”

 ज्याचा तिने उभा जन्म हेवा केला, तो तिच्या संसारासाठी स्वतःची अब्रू उधळायला निघाला होता... न मागता, न बोलता! तिच्या हातात तो कपटा निखाऱ्यासारखा पोळू लागला. आत ओब्रादचा आवाज चढला होता, “घेतो शपथ! आमच्या संत दिमित्रीची—”

“थांबा!” तिने दार ढकललं. “शपथ घेऊ नका! पत्र आलं होतं. ही पावती. ही माझी सही. मी लपवलं.”

गोर्दानाबाईंनी पेन खाली ठेवलं. ओब्रादने पावती उचलली, खिडकीकडे नेली, बराच वेळ पाहिली. 

“का?” एवढंच तो म्हणाला.

“का? मला विचारता का?” तिचा बांध फुटला. “तुमचं सगळं बोलणं त्यांच्याशी! हसणं त्यांच्याशी, रडणं त्यांच्याशी! माझ्या वाट्याला ‘काही नाही’! एकतीस वर्षं तुमच्या घरात मी पळी धरून उभी आहे हो... मला वाटलं, ते गेले की मला थोडेसे तरी मिळाल तुम्ही. पाप झालं माझ्या हातून. त्यांना खोटं म्हणू नका. खोटी मी आहे!”

ओब्रादने टोपी उचलली आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडला.

“मी आज फाईल बंद करत नाही,” गोर्दानाबाई हळूच म्हणाल्या. “सण होऊ द्या. सोमवारी सगळे या. आणि ते पत्र आधी वाचा. आतापर्यंत तीन बैठका आपण न वाचलेल्या पत्रावर भांडतोय.”

 घरी तिने चादरींखालून पाकीट काढून ओब्रादपुढे ठेवलं. त्याने ते न फोडता सणाच्या कोटाच्या खिशात घातलं. “उद्या पाहुणे येतील,” तो म्हणाला. “सण होऊ दे.” त्यापुढचं देसांकाला न सांगता समजलं, सण झाला की आपण घर सोडायचं. तिने यागोदाकडे जायची बॅग भरली आणि दाराशी ठेवली.

सणाच्या दिवशी उंच मेणबत्ती लागली, पाद्री येऊन आशीर्वाद देऊन गेला, शेजारीपाजारी, चुलत-मावस सगळे जमले. सूप दोनदा गरम झालं. टेबलावर गोल पाव तसाच होता, कारण या घरात तो यजमान आणि कूम मोडतात, आणि कूम आला नव्हता. ओब्राद खुर्चीत बसून दाराकडे बघत होता. बोलावणं मात्र तो मेला तरी पाठवणार नव्हता. या सणाला कुणी कुणाला बोलावत नाही. येणारा आपणहून येतो. बोलवावं लागलं म्हणजे तो माणूस परका.

देसांकाने पळी खाली ठेवली, डोक्याला रुमाल बांधला आणि सगळ्यांसमोरून दाराबाहेर पडली.

तिहोमिर स्वतःच्या पायरीवर बसला होता. अंगात इस्त्रीचा कोट, पायात चकचकीत बूट, मांडीवर बाटली.

“चला,” ती म्हणाली. “मी बोलवायला आलेय.”

“बोलवायला? स्लावाला?” त्याने डोळे मोठे केले. “कुमा, एकतीस वर्षांत असा अपमान कुणी केला नव्हता माझा!” तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे डबडबले. “सकाळपासून बसलोय गं इथे. पाऊल उचलत नव्हतं.”

ती दोघं आत आली. ओब्राद उठला. मिठी मारेल की धक्का देईल, कुणालाच सांगता आलं नसतं. त्याने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. खिशातून पाकीट काढून फोडलं.

“नंतर वाच रे, इतक्या लोकांत कशाला,” तिहोमिर पुटपुटला.

“गावभर तुला खोटा म्हणालो ना? मग गावासमोरच वाचतो,” ओब्राद म्हणाला आणि वाचू लागला.

‘कूम ओब्राद, माझे हात थरथरायला लागलेत. डॉक्टर म्हणतो, हे आता वाढतच जाणार. पिंप दोनदा सांडलं, तू पाहिलं नाहीस, बरं झालं. कायद्याप्रमाणे माझा वाटा आधी तुला विचारतो. महिनाभरात उत्तर आलं नाही तर तुला नको असं समजून त्या दलालाला देईन, कारण आता रेटवत नाही. पण माझं ऐकशील तर तो तुझ्या नावावर घेऊ नकोस. देसांकाच्या नावावर कर. पहिली धार कधी संपते हे आपल्या दोघांना आजवर कधी कळलंय? ती “आता” म्हणते आणि आपण पिंप बदलतो. लेबलावर नावं मात्र आपली. तोंडावर म्हणालो असतो तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहितोय, आणि तुझं उत्तर येईपर्यंत तोंडाने विषय काढणार नाही. तिला मी फारसा आवडत नाही हे मला माहीत आहे. तिच्या जागी मी असतो तर मलाही मी आवडलो नसतो...’

ओब्रादचा आवाज तिथेच तुटला. देसांका भिंतीला टेकली. आपण काय लपवलं होतं, कुणाचं लपवलं होतं... स्वतःचंच! तिने तोंडात पदर कोंबावा तसा डोक्याचा रुमाल कोंबला आणि ढसाढसा रडली.

“अगं, सूप आटेल,” तिहोमिर म्हणाला. “ओब्राद, पाव धर.”

दोघांनी पाव उचलला. पण तिहोमिरच्या हातांत तो इतका थरथरू लागला की कडेचा एक तुकडा खाली पडला. ओब्रादने ते हात पाहिले. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिले.

“माझ्याने पडेल रे. कुमाला दे,” तिहोमिर मागे सरकत म्हणाला.

“तू कुठेही जायचं नाहीस,” ओब्राद म्हणाला. मग दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे त्याने पाहिलं. “ती बॅग आत ठेव कुणीतरी. देसा... इकडे ये. तिहोमिरच्या हातांखाली हात धर.”

ती आली. तिच्या तळव्यांवर तिहोमिरचे थरथरते हात टेकले आणि पाव स्थिर झाला. तिघांनी तो तीनदा फिरवला. मोडायची वेळ आली तशी ओब्राद थांबला. सगळं घर बघत होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने आधी तिहोमिरकडे न बघता बायकोकडे पाहिलं.

“आता?” त्याने विचारलं.

देसांकाने भरल्या डोळ्यांनी मान हलवली.

“आता,” ती म्हणाली.