टपाची शिवण

"हिला कोणी बोलावलं?"

शेडच्या दारातून आईचा आवाज आला आणि ताईच्या हातातली मापाची टेप तशीच लोंबत राहिली... नऊ वर्षं! नऊ वर्षांत आईच्या तोंडून तिच्याविषयी निघालेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही तिच्याशी नव्हे, धाकट्या भावाकडे बघून!

"मी बोलावलं," धाकटा म्हणाला. "आई, व्हिडिओतला माणूस वीस मिनिटांत गाडीचा कापडी टप चढवतो. मी तीन रविवार झटतोय, तरी पुढून कापड दोन बोटं कमीच पडतंय. मी शाळामास्तर गं, हे माझं काम नाही."

"मग राहू दे तो टप. पण ही इथं नको."

एवढं बोलून आई वळली. तिच्या मोडून जुळलेल्या खांद्याचा बाक ताईला पाठमोरा दिसला. या खांद्याला आपणच कारण... बाबांच्या जाण्यालाही आपणच!

बाबांचं गाड्यांच्या सीटा आणि टप शिवायचं दुकान होतं. ताई त्यांची पट्टशिष्या. "सुईला एक डोळा, तुला दोन, तेव्हा तुला तिच्यापेक्षा जास्त दिसलं पाहिजे," असं म्हणत त्यांनी तिला दुहेरी टाका शिकवला होता. ही दोन सीटांची, उघडमिट टपाची लाल गाडी त्यांनी मोडीतून उचलून आणली, स्वतः खपून चालती केली, आणि तिचा काळा कापडी टप मात्र लेकीच्या हाती सोपवला. तो तिनं एकटीनं शिवलेला पहिला टप! त्याच टपाखाली बसून एके सकाळी आई-बाबा फिरायला गेले. भरधाव जाताना वाऱ्यानं टप फडाडून उलटला, बाबांचा स्टिअरिंगवरचा हात सुटला, गाडी उतारावरून खाली कोसळली... आई वाचली. बाबा गेले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात कोणीतरी म्हणालं, "शिवण उसवली म्हणे." ताईनं आईकडे पाहिलं. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं... ते कायमचंच!

ताईनं मशीन देऊन टाकलं, घर सोडलं. एका औषधांच्या गोदामात खोकी चिकटवण्याचं काम धरलं. त्यानंतर साधं बटणसुद्धा तिनं कधी लावलं नाही. मोडकी गाडी शेडमध्ये आली आणि शेडच्या कुलपाची किल्ली आईच्या कमरेला गेली. आता धाकट्याची दुसऱ्या गावी बदली झाली, त्याला बाबांची आठवण म्हणून गाडी सोबत न्यायची होती. महिनाभर विनवण्या केल्यावर आईनं किल्ली दिली होती, पण एका अटीवर... सगळं तू एकट्यानं करायचं!

"तू जाऊ नकोस ताई," धाकटा हळूच म्हणाला. "तिचा राग मी बघतो."

ताईनं डोळे पुसले. गाडीकडे पाहून मात्र तिला हसू आलं. "अरे मास्तर, हे कापड उन्हात पसरलं होतंस का? थंड कापड ओढून पुरतं का कधी? आणि विकतच्या तयार टपावर विसंबू नये, माप जुन्यावरून घ्यावं. जुना आहे ना?"

जुना होता. मास्तरच तो! काढलेला प्रत्येक तुकडा त्यानं जपून ठेवला होता. टपाचा वाकलेला सांगाडा लोहाराकडून सरळ करून आणला होता. स्क्रू, पट्ट्या, टपाची पुढची कड काचेच्या चौकटीला अडकवणारे दोन खटके, सगळं चिठ्ठ्या लावून डब्यांत मांडलं होतं. "मी गरम पाणी आणतो, सांगाड्यावरचं जुनं चिकट सोल्युशन खरवडायला," म्हणून तो आत गेला.

ताईनं जुनं कापड जमिनीवर पसरलं. बघायचं धाडस होत नव्हतं... ज्या शिवणीनं बाप गिळला, तिच्यावरून हात कसा फिरवायचा? तरी तिनं डोळे मिटून बोट ठेवलं, आणि बोट सरकत गेलं... सरकतच गेलं... टाक्यामागून टाका, या टोकापासून त्या टोकापर्यंत!

तिनं डोळे उघडले. शिवण अखंड होती! एक टाका सुटलेला नव्हता. कापड फाटलं होतं ते शिवणीच्या वीतभर पलीकडे, आणि फाट सुरू झाली होती पुढच्या डाव्या कोपऱ्यातून...

तिनं खटक्यांचा डबा ओढला. 'उजवा, चालकाची बाजू' अशी चिठ्ठी लावलेला खटका वाकून, पिळवटून गेला होता. म्हणजे तो लागलेला होता, शेवटपर्यंत झुंजला होता. 'डावा' मात्र सरळ... साधा ओरखडाही नाही. तो लावलाच नव्हता!

डावी बाजू. शेजारी बसणाऱ्याची. आईची!

आनंद व्हायला हवा होता ना? नऊ वर्षांची फाशी एका क्षणात सुटली होती! पण तिच्या डोळ्यांपुढे आला तो वाकडा खांदा. हे आईला कळलं तर? आपल्याच हातानं नवरा गेला, हे या वयात ती कसं सोसेल? मला तर सवय झाली आहे... माझ्या माथी आहे ते माझ्याच माथी राहू दे!

तिनं तो सरळ खटका लोखंडी ठोकळ्यावर धरला आणि हातोडी उचलली. एक घाव... दुसरा... खटका वाकू लागला.

"तो का वाकवतेस?"

हातोडी थांबली. दारात आई होती. तिच्यामागे गरम पाण्याची बादली घेऊन धाकटा.

"काही नाही... जुना आहे, बसत नव्हता..."

"खोटं बोलू नकोस!" आई म्हणाली. "तुला कळलं. कळणारच होतं. म्हणून तर तुला या शेडची पायरी चढू देत नव्हते मी... हे फक्त तुलाच वाचता आलं असतं!"

ताईनं मान वर केली. "म्हणजे... तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून!"

धाकट्याच्या हातातली बादली कलंडली.

"त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं," आई दाराची चौकट धरून बोलू लागली. "कशावरून, तेही आता आठवत नाही. त्यांनी विचारलं, 'खटका लावलास ना?' मी रागात 'हो' म्हटलं. मनात म्हटलं, पुन्हा विचारू देत, मग लावीन... त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विश्वास ठेवला गं माझ्यावर! नंतर लोक म्हणाले शिवण उसवली, आणि मी गप्प बसले. वाटलं, उद्या सांगू. उद्याचे किती उद्या झाले! तुझं तोंड दिसलं की मला माझं पाप दिसायचं..."

"आई!" ताईच्या तोंडून किंकाळीच फुटली. "बाबा स्वप्नात येऊन मला विचारायचे, पोरी, कुठला टाका चुकला? नऊ वर्षं मी तो टाका शोधतेय! आणि तू... तू किल्ली कमरेला लावून जेवत होतीस?"

आई खाली कोसळली. "मार मला. पण तो खटका वाकवू नकोस. माझ्यासाठी आता आणखी काही करू नकोस!"

ताई जवळ गेली नाही. तिला जाववेना. तिनं भिंतीकडे बघत विचारलं, "लोकांना सांगशील?"

"सांगेन."

पुढच्या रविवारी आईनं काका, आत्या, मामा, सगळ्यांना बोलावलं. ताई सवयीनं दारालगतच्या खुर्चीवर बसली. आई उभी राहिली आणि काहीही न झाकता सगळं बोलली... "मी 'लावला' म्हणाले, आणि लावला नव्हता. माझ्या लेकीची शिवण धड होती." काकांनी चष्मा काढला. मग आत्या ताडकन उठली.

"अगं, माझा भाऊ घालवलास तो घालवलास, वर या पोरीला नऊ वर्षं जिवंत जाळलंस? आई आहेस की कोण आहेस तू?"

आईनं मान खाली घातली. तिच्या बाजूनं बोलायला कोणीच नव्हतं, अगदी धाकटासुद्धा नाही.

ताई उठली. सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि आईच्या शेजारी उभी राहिली.

"पुरे, आत्या," ती म्हणाली. "तिचाही नवराच गेला."

आईनं मान वर न करता चाचपडत तिचा हात धरला. ताईनं तो सोडवून घेतला नाही.