रुग्ण जगला पाहिजे

नागपूरच्या वैद्यक प्रवेश प्रयोगशाळेत काचेपलीकडे परीक्षार्थी सुमित्रा मडावी प्रतिरुग्णासमोर, म्हणजे यंत्राने उभ्या केलेल्या रुग्णासमोर, बसली होती आणि काचेअलीकडे त्या यंत्राची निर्माती डॉ. यशोधरा गजभिये हिचा जीव टांगणीला लागला होता.

"लेखी परीक्षेत हिला निम्मेसुद्धा गुण नाहीत," निवड समितीचे अध्यक्ष डॉ. खानझोडे म्हणाले.

"गुणांत शिकवणीचा वाटा किती, हे तुम्हालाही ठाऊक आहे, सर. म्हणून तर हे यंत्र केलं. जगात नसलेला आजार तासाभरात शिकवायचा आणि लगेच यंत्रातला रुग्ण पुढ्यात द्यायचा. त्याची शिकवणी कुठे लावणार? गुणवत्ता यादी, आरक्षण, सगळं होतं तसंच. किमान पात्रता मात्र सगळ्यांना एकच. रुग्ण जगला पाहिजे."

"आणि मेला तर जागा रिकामी. ही रेषा कुणासाठीही खाली येणार नाही. अट माझी आहे, विसरू नका."

यशोधरा कशी विसरेल? 'रेषा खाली आणली म्हणून आत आलीस,' हा टोमणा तिने कॉलेजात वर्षानुवर्षं गिळला होता. राखीव जागांवरच्या चौघांचे रुग्ण सकाळीच दगावले होते. आता सुमित्राचाही गेला, तर राखीव जागांना लायक मुलं मिळतच नाहीत, असा अहवाल द्यायला खानझोडे टपलेच होते.

सुमित्राने इंजेक्शन भरलं आणि ती थांबली. यंत्रातल्या म्हाताऱ्या रुग्णाची नाडी मंदावत होती. अगं, दे की, असं यशोधराला ओरडावंसं वाटलं.

"बाबा, सकाळपासून काही खाल्लं का जी?" सुमित्राने विचारलं.

म्हातारा नाही म्हणाला. तिने सुई खाली ठेवून आधी त्याला साखरपाणी पाजलं. हे औषध उपाशीपोटी विष ठरतं, हे शिकवताना एकदाच ओझरतं सांगितलं होतं. मग तिने औषध दिलं, तेही जरा जास्तच. म्हातारा कण्हला, पण जगला. सुमित्रा जेमतेम पार झाली. यशोधराच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही.

संध्याकाळी खुल्या यादीचा निकाल आला. खानझोडेंचा चेहरा पांढराफटक पडला. वरच्या क्रमांकांतल्या निम्म्याहून अधिक मुलांचे रुग्ण मेले होते. प्रश्न दिसला की उत्तर ठोकायचं, या शिकवणीतल्या सवयीने त्यांनी रुग्णाला काही विचारलंच नव्हतं.

"मॅडम," खानझोडे हळूच म्हणाले, "रेषा जरा खाली घेता येईल का? सगळ्यांसाठीच. तुमचे चौघेही आत येतील."

यशोधराला आधी हसू आलं. मग त्या चौघांचे चेहरे आठवले आणि हसू विरलं. त्यांतला एक तर घरातला शाळेची पायरी चढलेला पहिलाच होता. तिने नुसतं हो म्हणायचा अवकाश होता.

"घेऊ या, सर," ती म्हणाली. "फक्त या मुलांचा पहिला रुग्ण कोण, तुमच्या घरातलं की माझ्या, तेवढं आधी ठरवा."

खानझोडेंनी चष्मा काढून पुसला आणि तसाच हातात धरला. मग यशोधरा रुग्ण गमावलेल्यांची नावं एकेक करून खोडू लागली. सुरुवात तिने त्या चौघांपासून केली.