अंगठ्याखालची हवा

काशीवहिनींच्या पत्राला केसरीनाथांनी अकरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता : 'त्या दिवशी गाडीतली हवा कुणी बघितली होती? एवढंच कळवा.'

वहिनींचा नवरा, केसरीनाथांचा मित्र धनेश, पडघ्यापलीकडच्या जंगलात, नाल्याच्या उतारावर मोटारसायकल घसरून दगावला. मागच्या सीटवर केसरीनाथ होते. निघताना पुढचं चाक अंगठ्यानं दाबून "घट्ट आहे" म्हणणारेही तेच. मग वाट वाईट होती, की अंगठा चुकला? शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य घालवलेल्या या अबोल माणसाला ते कधी ठरवताच आलं नाही.

म्हणून २००९च्या मे महिन्यात ते पुन्हा त्याच वाटेला निघाले. राहनाळला गॅरेज चालवणारा भाचा प्रितम सोबत होता. त्यानं दोन्ही चाकांच्या वॉल्व्हवर हवेचा दाब सांगणारे सेन्सर बसवले, साबणाचं पाणी लावून गळती तपासली आणि हँडलवर छोटा पडदा बांधला. पुढे अठ्ठावीस, मागे बत्तीस! हवा पुरेपूर असूनही गाडी त्या उतारावर घसरू लागली, तर दोष वाटेचा. वहिनींना तसं लिहिता येईल.

"मामा, आभाळात इमान उडवायचाय का आपल्याला?" प्रितम हसला. "आमच्या गॅरेजात अंगठाच मीटर हाय!"

पडघा मागे पडलं, ट्रकांची घरघर विरली आणि सागाच्या निष्पर्ण रानात भर दुपारी अशी शांतता पसरली, की इंजिनाचा आवाजही आपला नाही, पुढे कुणीतरी दुसराच जातोय त्याचा आहे, असं केसरीनाथांना वाटू लागलं. समोर प्रितमची पाठ होती. मधूनच ती धनेशची वाटे. ते डोळे मिटत, उघडत. पाठ तीच!

वाट अरुंद झाली. करवंदीच्या जाळ्या हातापायांना ओरबाडू लागल्या. एका बाभळीखाली काटेच काटे होते. प्रितमनं गाडी तशीच दामटली.

थोड्या वेळानं पडदा किंचाळला. पुढचं चाक, बावीस!

दोघं उतरले. प्रितमनं अंगठा दाबला. "कडक हाय. डबा खोटा बोलतोय."

केसरीनाथांनीही दाबलं. घट्ट! "घट्ट आहे," ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. थांब म्हणावं? पण यंत्रातलं आपल्याला काय कळतं? ते निमूट मागे बसले.

उतार लागला. उजवीकडे खोल दरी. अठरा! चौदा! हँडल थरथरलं. पुढचं चाक लोळू लागलं.

"मामा, धरा!"

गाडी आडवी झाली. दगड खडखडत दरीत गेले. गाडी कडेच्या ऐनाच्या बुंध्याला अडकली. प्रितमचा पाय खाली! केसरीनाथांनी दोन्ही हातांनी मागचं चाक ओढलं. हललं नाही. त्यांनी खांदा लावला. पुन्हा! पाय सुटला.

"मोडला न्हाय," प्रितम धापा टाकत म्हणाला. "पण अंगठ्याची इज्जत गेली."

चाकात बाभळीचा काटा निघाला. प्रितमनं ट्यूबला ठिगळ लावलं आणि पंप मारत, मधूनच सेन्सर लावून आकडा बघू लागला.

"अठराला थांब," केसरीनाथ म्हणाले. त्यांनी चाक दाबलं. घट्ट. "आता अठ्ठावीस कर." पुन्हा दाबलं. तितकंच घट्ट! डोळे मिटून, चारचारदा दाबलं. अंगठ्याला फरक कळतच नव्हता.

"खाली नाला दिसतोय, मामा. पाय चालतोय माझा. हवा पन पुरी हाय. जाऊन बघू?"

केसरीनाथ त्या उताराकडे पाहत राहिले. खाली पाचोळ्यात काहीतरी सरकलं, थांबलं. आज तिथून सुखरूप उतरलो, नाहीतर घसरलो, तरी त्या सकाळी चाकात किती हवा होती ते थोडंच कळणार?

"नको. गाडी वळव."

पडघ्याच्या टपाल कचेरीत त्यांनी अंतर्देशीय पत्र घेतलं. प्रितम बाहेर टेकून पाय चोळत होता.

'वहिनी, हवा मी बघितली होती. अंगठ्यानं. घट्ट आहे असं मी सांगितलं, म्हणून धनेश निघाला. अंगठ्याला काही कळत नाही, हे मला आज समजलं. घाबरून गप्प बसलो, ती चूक मात्र नक्की माझीच.'

खाली नाव लिहिलं. वर पत्ता : मुरबाड. एकदा वाटलं, उद्या नीट लिहावं, भाषा बरी नाही. त्यांनी कडा चिकटवल्या आणि पत्र पेटीत टाकलं.